विल्सन व्याख्याने आणि वऱ्हाडची मराठी

संस्कृतापासून निघून पाली, प्राकृत, अपभ्रंश या मुक्कामांवरून आपली मराठी येथवर कशी आली, याचे शास्त्रीय पद्धतीचे मोठे विवेचन एका मराठी भाषक विद्वानाने केले ते १८७७ साली. स्थळ मुंबई. व्याख्याते रामकृष्ण गोपाळ भांडारकर. निमित्त मुंबई विद्यापीठाची विल्सन भाषाशास्त्र व्याख्याने. आणि भाषा? भाषा अर्थातच इंग्रजी. या शेवटच्या तपशिलाचा त्या काळी कोणास अचंबा वाटला नाही. आम्हांस मात्र आज, पातुरासारख्या गावी वसंत ऋतूत मराठी व्याख्याने ऐकावयास लोक जमत असता, त्या तपशिलापाशी थोडे थांबावेसे वाटते.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्याने, ते डॉ. जॉन विल्सन स्कॉटलंडचे मिशनरी. जन्म १८०४ चा. १८२९ साली ते मुंबईस आले आणि आल्याबरोबर कोकणात बाणकोट-हर्णैच्या बाजूस राहून मराठी शिकले. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे लपविण्याचे कारण नाही. त्यांनी हिंदू व पारशी पंडितांशी जाहीर वाद केले, आणि १८३९ साली दोन पारशी तरुणांच्या धर्मांतरावरून मुंबईत मोठे वादळ उठले. परंतु त्याच गृहस्थाने १८३२ साली काढलेल्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले, त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुंबईत मुलींच्या शाळा चालविल्या, आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली तेव्हा मराठी भाषेचे घटक, तिचा विस्तार व तिचा उपयोग यांविषयीचे टिपण तीस विल्सनसाहेबांनी जोडले. कोरीव लेण्यांची पाहणी करण्यासाठी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेने नेमलेल्या समितीचेही ते प्रमुख होते. आपल्या गावालगतच्या टेकडीत लेणी आहेत, तेव्हा पातुरकरांना या उद्योगाचे मोल निराळे सांगावयास नको. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईतच त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाची भाषाशास्त्राची व्याख्याने विद्यापीठात सुरू झाली आणि पहिला मान भांडारकरांना मिळाला.

भांडारकर मालवणचे. जन्म १८३७ चा. मुंबई विद्यापीठातून १८६२ साली जे पहिले पदवीधर बाहेर पडले त्यांत ते आणि महादेव गोविंद रानडे हे दोघे होते. १८७७ सालची त्यांची व्याख्याने सात. पहिल्यात भाषेची व संस्कृताची वाढ, दुसऱ्यात पाली व तत्कालीन बोली, तिसऱ्यात प्राकृते व अपभ्रंश. मग देशी भाषांचे उच्चार, त्यांत शिल्लक राहिलेली जुनी रूपे, नव्याने घडलेली रूपे, आणि शेवटी या साऱ्यांचे परस्परांशी नाते. पुस्तकरूपाने ही सातही व्याख्याने एकत्र निघाली १९१४ साली, म्हणजे सदतीस वर्षांनी. विद्वानांच्या घरचा कारभार सावकाशीचा असतो!

या शास्त्रात नेमके काय आहे, ते दोन-चार शब्दांवरून पाहू. संस्कृत 'हस्त' याचे प्राकृतात 'हत्थ' झाले आणि मराठीत 'हात'. 'कर्म' याचे 'कम्म', मग 'काम'. 'सप्त', 'सत्त', 'सात'. 'दुग्ध', 'दुद्ध', 'दूध'. 'अद्य', 'अज्ज', 'आज'. एकदा दोन निरनिराळी व्यंजने एकमेकांसारखी होतात, मग त्या जोडीतील एक गळते, आणि गळालेल्या अक्षराची भरपाई म्हणून मागचा ऱ्हस्व स्वर दीर्घ होतो. शेकडो शब्दांना हा एकच नियम लागू पडतो. आपल्या रानातला कापूस त्याच वाटेने आला: 'कार्पास', 'कप्पास', 'कापूस'. हाच शब्द जुन्या काळी मालाबरोबर पश्चिमेकडे गेला आणि ग्रीक व हिब्रू भाषांतही त्याची रूपे सापडतात. वऱ्हाडातील कापसाच्या गाड्या ज्या शब्दाने ओळखल्या जात, तो शब्द असा दोन्ही दिशांनी प्रवास करून आलेला आहे.

याचा आमच्या दृष्टीने खरा उपयोग निराळाच आहे. वऱ्हाडातील मुलाने शाळेत 'मले', 'तुले' म्हटले, 'पानी' म्हटले, 'काळा' याला 'काया' आणि 'डोळा' याला 'डोया' म्हटले, की त्याला अशुद्ध बोलणारा ठरविण्याची रीत अनेक पिढ्या चालत आली. भाषेचा इतिहास या बाबतीत काय सांगतो? संस्कृतात शब्द 'काल' असा आहे. त्यातील दोन स्वरांमधल्या 'ल'चा 'ळ' झाला तेव्हा मराठीतला 'काळा' बनला. म्हणजे पुण्याचा शुद्ध 'ळ' हाही एक बदलच, झिजेचाच परिणाम. वऱ्हाडी माणूस त्याच वाटेवर आणखी एक पाऊल पुढे गेला आणि 'काया' म्हणू लागला. उलट 'पाणी' पाहा. मूळ 'पानीय', त्याचे प्राकृतात 'पाणिअ' आणि मराठीत 'पाणी'. वऱ्हाडी बोलीने तो 'ण' टाकून पुन्हा 'न' घेतला, आणि अजाणता मुळाशेजारी जाऊन बसली. यात शुद्ध कोण आणि अशुद्ध कोण? जी चूक सर्व जण सर्वत्र एकसारखीच करतात ती चूक नव्हे, तो नियम होय. ग्रिअर्सनसाहेबांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात वऱ्हाडी-नागपुरीचा स्वतंत्र विचार केलेला आहे, आणि तो करताना तिला कोणी छडी दाखविलेली नाही.

परंतु हे सारे आमच्यापर्यंत पोहोचावयास वेळ लागला, कारण ते इंग्रजीत होते. याचा दोष भांडारकरांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. विद्यापीठाची भाषाच ती होती, आणि त्यांचे बोलणे जर्मनी-इंग्लंडातील पंडितांपर्यंत पोहोचावयाचे होते. मौजेची गोष्ट ही की, त्याच्या दोनच वर्षे आधी, १८७५ च्या मे महिन्यात, त्यांचेच सहाध्यायी न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झालेली होती. एक व्याख्यानपीठ विद्यापीठाचे, इंग्रजी बोलणारे, पंडितांसाठी. दुसरे गावाचे, मराठी बोलणारे, दुकान बंद करून येणाऱ्यासाठी. आपली आजची सभा दुसऱ्या घराण्यातली आहे.

विद्यापीठात तर मराठीची स्थिती याहून कठीण होती. स्थापनेनंतर आरंभीच्या काही वर्षांत देशी भाषांना परीक्षांत जी जागा होती, ती पुढे वरच्या परीक्षांतून काढून घेण्यात आली. संस्कृत, अरबी, लॅटिन या अभिजात भाषा म्हणून मान्य. मराठी, गुजराती या शिकवाव्यात असे त्यांत आहे तरी काय, असा सवाल. रानडे विद्यापीठाच्या सभांतून वर्षानुवर्षे याविरुद्ध झगडत राहिले. १८९८ साली त्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीवर एक टिपण इंग्रजीतून लिहिले. मराठीत वाचण्यासारखे पुष्कळ आहे हे पटवून देण्यासाठीही इंग्रजीच लागली! १९०१ च्या १६ जानेवारीस रानडे वारले, आणि त्याच सुमारास एम. ए. च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला. भांडारकरांच्या व्याख्यानांनंतर चोवीस वर्षांनी.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. भांडारकर मुंबईत बोलत होते तेव्हा जुन्या मराठीचा पुरावा म्हणून त्यांच्यापुढे काय होते? मुख्यतः ज्ञानेश्वरीसारखे काव्यग्रंथ. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० सालची. तिच्या आधीचे, चांगले लांबरुंद, बोलीच्या अगदी जवळचे मराठी गद्य उपलब्ध आहे हे त्या सभागृहात कोणास ठाऊक नव्हते. ते गद्य त्या वेळी कुठे होते? येथे, वऱ्हाडात. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूर आणि आसपासचे महानुभावांचे मठ यांत, पेट्यांत, रुमालांत बांधलेले. ते रोज वाचले जात होते, नकलून घेतले जात होते, त्याची पूजा होत होती. पंथ जसा पंजाबात आणि काबूलपर्यंत गेला तशा पोथ्याही गेल्या होत्या. फक्त पंडितांच्या जगाला त्यांचा पत्ता नव्हता.

ऋद्धपूर हे गोविंदप्रभूंचे गाव. श्रीचक्रधरांचे ते गुरू. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरांच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्य आणि इतर शिष्य ऋद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सन्निध येऊन राहिले, आणि तेथे म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी जमविण्यास आरंभ केला. हाच तो लीळाचरित्र ग्रंथ. म्हाइंभट शास्त्री होते, विद्येचा त्यांना अभिमान होता, असे परंपरा सांगते. पण काम करताना त्यांनी आपली विद्या बाजूस ठेविली. ज्याने जी लीळा डोळ्यांनी पाहिली, कानांनी ऐकली, त्याच्याकडे जावे, विचारावे, त्याच्याच बोलीत उतरून घ्यावे, आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यावे, अशी त्यांची पद्धत. एखाद्या प्रसंगाच्या दोन निरनिराळ्या आठवणी असल्या तर परंपरेने त्या दोन्ही जपून ठेविल्या. आज ज्याला मौखिक इतिहास म्हणतात आणि विद्यापीठांतून मोठ्या दिमाखाने शिकवितात, तो आणखी वेगळा काय असतो? चक्रधर कोणत्या गावी उतरले, काय खाल्ले, कोणत्या बाईने काय विचारले, कोण रुसले, कोण हसले, हे सारे त्यात आहे. आपल्या तालुक्यातील आलेगावाचे नावही महानुभावांच्या तीर्थस्थानांत घेतले जाते. याच ऋद्धपुरात महदंबेचे धवळे झाले, आणि आद्य मराठी कवयित्री म्हणून तिचे नाव घेतले जाऊ लागले.

भाषेविषयीचा त्यांचा निर्णय तर स्पष्टच होता. स्मृतिस्थळात एक प्रसंग आहे. पंडित आणि केशोबास यांनी नागदेवाचार्यांस काही शंका संस्कृतातून विचारल्या. आचार्यांनी सांगितले की, तुमचे हे संस्कृत मला समजत नाही. स्वामींनी मला मराठीत उपदेश केला, तुम्हीही मराठीतच विचारा. केशोबास संस्कृतात ग्रंथरचना करू लागले तेव्हाही आचार्यांनी त्यांना थांबविले. कारण एकच दिले: अशाने पंथातील म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील. आमच्या मते भाषा आणि शिक्षण या विषयावर महाराष्ट्रात सांगितल्या गेलेल्या गोष्टींत याहून नेमकी गोष्ट क्वचितच सापडेल. त्यात भाषेच्या थोरवीचा गजर नाही. अमुक भाषेत लिहिले तर कोण बाहेर राहील, एवढाच हिशेब आहे.

आणि तरीही, पुढे काय झाले पाहा. ज्या पंथाने म्हाताऱ्या बायकांसाठी मराठी धरली, त्याच पंथाने चौदाव्या शतकात आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहावयास घेतले. सकळ लिपी, सुंदरी लिपी, अंकलिपी अशी त्यांची नावे. सकळ लिपीचा प्रचार सर्वांत अधिक. युक्ती साधी असे: एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा ठरविलेले चिन्ह योजावयाचे. किल्ली ज्याच्याजवळ त्याला ते सरळ वाचता यावे, इतरांस तो नुसता अक्षरांचा गोंधळ. असे का केले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. परक्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत पवित्र ग्रंथ सुरक्षित राहावेत, पंथाबाहेरील विरोधकांच्या हाती ते पडू नयेत, अनधिकाऱ्याने ते वाचू नयेत, अशी कारणे देण्यात येतात. ती सर्वच थोडीथोडी खरी असणे शक्य आहे. परिणाम मात्र दुहेरी झाला. कुलुपामुळे ग्रंथ टिकला, नकलणाऱ्याच्या हातून भाषा फारशी पालटली नाही. आणि त्याच कुलुपामुळे सहाशे वर्षे मराठी समाजाला आपल्याच गद्याचा पत्ता लागला नाही. नामदेव-तुकाराम गावोगाव गायिले गेले. म्हाइंभट पेटीत राहिले.

लिपी हरवली की भाषा असूनही ती परकी होते, याचा दुसरा पुरावा आपल्या घराघरांत आहे. मोडी लिपी एकेकाळी शाळेत शिकवीत, जमाखर्च आणि गावचे कागद तीत होत. गेल्या शतकाच्या मध्यावर ती शाळांतून गेली. दोन पिढ्यांत असे झाले की, आजोबांचे खरेदीखत नातवाला वाचता येईना. २०२३ साली सरकारने जुन्या कुणबी नोंदी शोधण्याचे काम काढले, तेव्हा दप्तरांतील मोडी कागद लावण्यासाठी मोडी जाणणारी माणसे शोधत फिरावे लागले. मराठी माणूस, मराठी कागद, आणि मध्ये दुभाष्या!

महानुभावांच्या लिपीचे कुलूप निघाले ते विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत. इतिहासाचार्य राजवाडे यांनी या सांकेतिक लिपीचा उलगडा केला. वि. ल. भावे यांनी महाराष्ट्र सारस्वताच्या पुढील आवृत्तीत महानुभाव वाङ्मयाला प्रशस्त जागा दिली. पंथातील महंतांनीही हळूहळू पोथ्या दाखवावयास आरंभ केला, आणि त्यांचे हे औदार्य आम्ही लहान समजत नाही. शेकडो वर्षांचा संकोच टाकणे सोपे नसते. यानंतरचा उद्योग बहुतेक विदर्भाच्याच माणसांचा. यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे यांनी पोथ्या जमविल्या व त्यांवर लिहिले. नागपूरचे ह. ना. नेने यांनी १९३६ पासून लीळाचरित्राचे भाग छापून बाहेर काढले. आणि डॉ. वि. भि. कोलते यांनी तर आयुष्यच या कामी लाविले.

कोलते बुलढाणा जिल्ह्यातील नरवेलचे, जन्म १९०८ चा. शेतकऱ्याच्या घरातील मुलगा, मराठीचा प्राध्यापक, पुढे १९६६ ते १९७२ नागपूर विद्यापीठाचा कुलगुरू. १९६७ साली भोपाळच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. अनेक पोथ्यांचे पाठ ताडून त्यांनी सिद्ध केलेले लीळाचरित्र १९७८ साली राज्य शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. त्यावरून पंथीयांशी वादही झाले. जो ग्रंथ एकाला इतिहासाचे साधन आहे तो दुसऱ्याला पूजेचा आहे, तेव्हा ते अटळ होते. पण एवढे खरे की, १८७७ च्या व्याख्यात्याला जो पुरावा मिळाला नव्हता तो शंभर वर्षांनी छापील पानांवर आला. आता तर तो परदेशांतही वाचतात. ॲन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने गोविंदप्रभूंच्या चरित्राचे इंग्रजी भाषांतर १९८४ साली प्रसिद्ध केले. विल्सन मराठी शिकले ते आपला धर्म येथे सांगावा म्हणून. या बाई शिकल्या त्या आपला ग्रंथ तिकडे सांगावा म्हणून.

विद्यापीठ आमच्या बाजूस आले ते १९२३ साली. त्या वर्षी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघाले, आणि त्याच वर्षी संक्रांतीच्या दिवशी अमरावतीस विदर्भ साहित्य संघाचा जन्म झाला. त्याआधी वऱ्हाडच्या मुलाला पदवीसाठी घर सोडून नागपूर किंवा पुणे-मुंबई गाठावी लागे. स्वातंत्र्याच्या सुमारास नागपूर विद्यापीठाने इंग्रजीऐवजी मराठी आणि हिंदी माध्यम आणण्याचे धाडस केले. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारने डॉ. रघुवीर यांजकडून शास्त्रीय शब्दांचे कोश तयार करून घेतले. ते शब्द इतके संस्कृत होते की विद्यार्थ्यांना इंग्रजी शब्द सोपे वाटत. नागदेवाचार्यांना कोणी ते कोश दाखविले असते तर त्यांनी काय म्हटले असते, याची कल्पना करण्यास फार बुद्धी लागत नाही. ती चाल पुढे मागे पडली, विज्ञान पुन्हा इंग्रजीकडे गेले, आणि आज तर पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शाळा गाठण्याकडे पालकांचा कल आहे. पालकांना आम्ही दोष देत नाही. नोकरीची किल्ली ज्या लिपीत आहे ती लिपी ते मुलाला देऊ पाहतात.

येथे एका माणसाची आठवण केल्याशिवाय पुढे जाववत नाही. भांडारकरांच्या व्याख्यानांच्या आदल्या वर्षी, १८७६ च्या फेब्रुवारीत, अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे परटाच्या घरी डेबू नावाचे मूल जन्मले. शाळेत ते गेले नाही. पुढे गाडगेबाबा म्हणून सारा महाराष्ट्र त्यांच्या कीर्तनाला लोटला. त्यांची भाषा ठेट वऱ्हाडी. प्रश्न विचारावयाचा, श्रोत्यांकडून उत्तर घ्यावयाचे, त्याच उत्तरातून पुढचा प्रश्न काढावयाचा. आणि दर कीर्तनात सांगणे एकच: भांडी विका, पण मुलांना शाळेत घाला. १९५६ च्या डिसेंबरात ते गेले. १९८३ साली अमरावतीस जे विद्यापीठ झाले त्यास आज त्यांचेच नाव आहे. पातुरची मुले पदवी घेतात ती याच विद्यापीठाची. ज्याने शाळा पाहिली नाही त्याच्या सहीने नव्हे, पण नावाने मिळणारी.

अलीकडे ऋद्धपूरलाही विद्यापीठ झाले. तेथे मराठी भाषेचे स्वतंत्र विद्यापीठ असावे ही मागणी जुनी. राज्याने त्यासाठीचा कायदा २०२३ साली केला. पाठोपाठ ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, म्हणजे १८७७ च्या विद्यापीठाने जो मान फक्त संस्कृत-लॅटिनसाठी राखून ठेविला होता तो मराठीला मिळाला. तेथे आता स्मृतिव्याख्याने होतील, पंडित येतील, निबंध वाचले जातील. आमची अपेक्षा थोडीच आहे. त्या सभागृहात ऋद्धपूरची एखादी शेतमजूर बाई काम आटोपून येऊन मागच्या रांगेत बसली, आणि म्हाइंभटांचे एखादे पान वाचले गेले, तर सातशे वर्षांपूर्वीच्या त्या गद्यातले बरेचसे तिला टिपेशिवाय कळेल. मग तिने काही विचारले, तर ती 'मले सांगा' असेच म्हणेल.